आईला आठवू नये, हा वर

भावाला मुलगी झाली आणि नाव ठेवायचं काम आत्या म्हणून माझ्या गळ्यात पडलं. मान आत्याचा असला तरी मत सगळ्यांचं असतं, त्यामुळे घरच्या ग्रुपवर तीन दिवस नुसती नावं पडत होती, आणि प्रत्येक नावापुढे अर्थ. अमुक म्हणजे पहाट, तमुक म्हणजे देवीचं एक नाव, आणि रेयांशीसारखी काही नावं तर अशी, की त्यातला रेय म्हणजे सूर्य हे मला आजवर कुठल्या कोशात दिसलेलं नाही, पण नावांच्या अ‍ॅपवर लिहिलंय म्हणजे आहे. त्यात काकूंनी सहज 'सीता' टाकलं. लगेच चार जणांचं उत्तर आलं, नको, वनवास येतो मागे. ठीक. दुसऱ्या दिवशी त्यातल्याच दोघींनी 'मैथिली' सुचवलं आणि एकीने 'वैदेही', आणि त्याला सगळ्यांचे अंगठे. मी म्हटलं अहो ही तीच बाई आहे, वनवास नाव बदलून टळतो का? कोणी उत्तर दिलं नाही, एकीने हसायचा चेहरा टाकला तेवढाच.

मला ह्यात गंमत वाटली आणि मग वाटेनाशी झाली. कारण आपण पुराणातलं नाव उचलतो तेव्हा मुलाच्या बाबतीत पराक्रम बघतो आणि मुलीच्या बाबतीत नशीब बघतो. अभिमन्यू नाव ठेवताना कोणाला चक्रव्यूह आठवत नाही, सोळाव्या वर्षी सहा-सात महारथींनी घेरून मारलेला पोरगा आहे तो, पण नाव म्हटलं की शूर, बास. कर्ण म्हणजे दानशूर. जन्मल्या जन्मल्या आईने पाण्यात सोडलेला, हे कुणी मनात आणत नाही. बिभीषण घ्या, हिंदीत त्याच्यावरून घरभेद्याची म्हण आहे, पण आपल्याकडे मराठवाड्यात आणि सोलापूरच्या बाजूला बिभीषण नावाची चांगली धडधाकट माणसं गावोगावी भेटतात आणि त्यांना कोणी घरभेदी म्हणत नाही. मुलीचं नाव द्रौपदी म्हटलं की मात्र पाच नवरे आठवतात. २०२२ पासून देशाच्या राष्ट्रपतींचं नाव द्रौपदी आहे, तरी बारशाच्या यादीत ते नाव मी तरी पाहिलेलं नाही. कृष्णा चालतं, पांचालीसुद्धा चालतं, म्हणजे परत तेच, बाई तीच पण पाटी बदललेली.

हे मला टोचायचं कारण माझं स्वतःचं नाव. मी रेणुका.

आता अर्थ विचाराल तर सोपा आहे. रेणू म्हणजे धुळीचा कण, फुलातला पराग पण, आणि पुढे 'का' लागला की त्याचं छोटंसं, लाडाचं रूप. म्हणजे चिमूटभर धूळ. (सीता म्हणजे तरी काय, नांगराच्या फाळाने पडलेली रेघ. आम्ही दोघी मातीतल्याच.) आयुर्वेदात रेणुका नावाचं एक सुगंधी औषधी बीसुद्धा आहे. शिवाय भागवत म्हणतं ती रेणू नावाच्या राजाची मुलगी, म्हणून रेणुका, आणि महाभारत म्हणतं ती प्रसेनजित राजाची मुलगी, म्हणजे बापाच्या नावावरून नाव पडलं असं म्हणायचं तर तिथेही एकमत नाही. अ‍ॅप ह्यातलं काही सांगत नाही. तिथे एकच ओळ, परशुरामाची आई, देवीचं नाव. झालं, पुढचं नाव बघा.

माझं नाव तसं कोणी अर्थ बघून ठेवलंच नव्हतं. स्वाती नक्षत्राचा दुसरा चरण, अक्षर आलं 'रे', आणि आमचं कुलदैवत माहूरची रेणुका, मग आजीने दुसरं काही ऐकूनच घेतलं नाही. आत्याने पाळण्याशी वाकून कानात कुर्रर्र केलं आणि मी रेणुका झाले. लहानपणी मला ह्या नावाचा भारी अभिमान होता, कारण देवीचं नाव, नवरात्रात नऊ दिवस घरात माझ्याच नावाची आरती चाललीय असं मला वाटायचं, आणि आजी हाक मारताना कधी कधी उगाच 'रेणुकामाते' म्हणायची तेव्हा तर विचारूच नका. गोष्ट मात्र मला कोणी सांगितली नव्हती. परशुरामाची आई, एवढंच. अ‍ॅप तेव्हा नव्हतं पण ओळ तीच होती.

पूर्ण गोष्ट कळली ती शाळेत, मूल्यशिक्षणाच्या तासाला, आणि विषय होता आज्ञापालन. बाईंनी सांगितलं, जमदग्नी ऋषींनी मुलाला आज्ञा केली, आईचं डोकं उडव, आणि परशुरामाने एका शब्दाने न विचारता उडवलं, असा आज्ञाधारक मुलगा, मग वडील प्रसन्न झाले आणि वर माग म्हणाले, त्याने आईला परत जिवंत करायला सांगितलं, बघा किती हुशार. वर्गात माझ्याच नावाची मी एकटी. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, रेणुका, डोकं सांभाळ. सगळे हसले, बाई पण जराशा हसल्या, मी पण हसले असणार. घरी येऊन आजीला विचारलं तर ती म्हणाली, असं काही नसतं बोलायचं देवीबद्दल.

त्या तासात एक गोष्ट कोणी विचारली नाही, म्हणजे मी पण नाही विचारली, की तिने केलं काय होतं? मोठी झाल्यावर वाचलं. महाभारताच्या वनपर्वात ही कथा आहे, तीर्थयात्रेच्या भागात. रेणुका आंघोळीला गेली होती, तिथे तिने चित्ररथ नावाच्या राजाला बायकांबरोबर पाण्यात खेळताना बघितलं, आणि तिचं मन हललं. मन हललं, एवढंच. ती कोणाकडे गेली नाही, बोलली नाही, ओल्या अंगाने घाबरत घाबरत आश्रमात परत आली आणि नवऱ्याने तोंड बघून ओळखलं. भागवतात तर आणखी कमी आहे. तिथे चित्ररथ गंधर्वांचा राजा, ती नदीवर पाणी आणायला गेलेली, बघत राहिली आणि होमाची वेळ विसरली, आणि तिला चित्ररथाबद्दल जे वाटलं त्याला शब्द वापरलाय 'किंचित'. किंचित! रचणाऱ्याने मोजून लिहिलंय ते, शिक्षा केवढी आहे हे माहीत असताना लिहिलंय. आपल्याकडे लोकांत जी कथा चालते तिच्यात ती रोज वाळूचा घडा करायची, सापाची चुंबळ करून त्यातून पाणी आणायची, पातिव्रत्याच्या जोरावर, आणि त्या दिवशी घडा बनेना. म्हणजे रोज पाणी आणायच्या कामातच रोजची परीक्षा, आणि इतके दिवस ती पास होत होती त्याचं कोणी काही बोलत नाही.

आणि त्या तासात दुसरी एक गोष्ट गाळली होती, ती मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. परशुराम पाचवा मुलगा. आधीचे चार. महाभारतात त्यांची नावं दिलेली आहेत, रुमण्वान, सुषेण, वसू आणि विश्वावसू. जमदग्नींनी आधी त्यांना सांगितलं, एकेकाला, की आईला मार. ते चौघं काही बोललेच नाहीत, भांबावून नुसते उभे राहिले, पण हात उचलला नाही. बापाने शाप दिला, बुद्धी जाऊन ते पशुपक्ष्यांसारखे जड झाले. नंतर परशुराम आला, परशू घेतला आणि काम केलं. आता मला सांगा, आज्ञापालनाचा धडा ह्या पाच जणांपैकी एकाचाच का घ्यायचा? चार विरुद्ध एक आहे की. बाकीच्या चौघांनी बापाचा एवढा राग समोर दिसत असताना आईवर हात टाकला नाही, आणि त्याची किंमत मोजली, आणि आपल्याला त्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत. कुठल्या यादीत मला 'रुमण्वान, म्हणजे बापाने सांगूनही आईला न मारणारा' असा अर्थ सापडला तर मी त्या यादी करणाऱ्याच्या पाया पडेन. सुषेण नाव तेवढं अधूनमधून ऐकू येतं, पण ते बहुतेक रामायणातल्या वैद्याचं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. परशुरामाने वर मागितले ते नीट बघा. आई जिवंत व्हावी, भाऊ पहिल्यासारखे व्हावेत, मला पाप लागू नये, युद्धात मला कोणी तोडीस तोड नसावा, दीर्घायुष्य मिळावं. आणि ह्यांच्याच मध्ये एक, आईला मारल्याचं आठवू नये. म्हणजे जिवंत हो, घरात ये, परत त्याच नवऱ्याचा होम सांभाळ, त्याच मुलाला जेवायला वाढ, पण आपल्याला काय झालं होतं ते तुला माहीत असणार नाही. बाकी सगळ्यांना माहीत. नवऱ्याला माहीत, मुलाला माहीत, शुद्धीवर आलेल्या चौघांनाही बहुधा माहीत, फक्त जिचं डोकं उडालं तिला नाही. मुलाचं प्रेम म्हणूनही हे वाचता येतं, आईला त्रास नको. मी पण बरीच वर्षं तसंच वाचलं. पण तो वर सगळ्यात जास्त कोणाच्या सोयीचा होता हे पण बघायला लागेल ना.

आणि माझं म्हणणं असं आहे की आपण तो वर अजून पुढे चालवतोय. मुलीचं नाव ठेवतो, आरती म्हणतो, अर्थ म्हणून एक गुळगुळीत ओळ देतो आणि तिला सोडून सगळ्यांना गोष्ट माहीत असते. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला माहीत होती, मला नव्हती. म्हणून माझं मत सरळ आहे, पुराणातलं नाव मुलीला खुशाल द्या, पण मग अख्खी गोष्ट तिला तिच्या घरच्यांनी सांगायची, ती बाहेर कोणीतरी धडा म्हणून सांगायच्या आधी. नसेल सांगायची तर ते नाव ठेवू नका, फुलांची नावं पुष्कळ पडलीत. आणि शाळेत सांगणार असाल तर पाचही मुलांची सांगा.

अख्खी गोष्ट म्हणजे नुसतं मुंडकं उडवणं नाही हं. लोकांना वाटतं पूर्ण सांगायची म्हणजे भयानक भाग सांगायचा. महाभारतातच, अनुशासनपर्वात, रेणुकेची अजून एक गोष्ट आहे जी माझ्या आवडीची आहे आणि जी मला एकाही कीर्तनात ऐकायला मिळाली नाही. युधिष्ठिर भीष्मांना विचारतो की श्राद्धात छत्री आणि पादत्राणं दान करायची पद्धत कोणी सुरू केली. भीष्म सांगतात, जमदग्नी धनुष्यबाणाचा खेळ खेळत होते, ते बाण सोडायचे आणि रेणुका पळत जाऊन आणून द्यायची. ज्येष्ठाचं ऊन, भर दुपार. एकदा ती दमून क्षणभर झाडाच्या सावलीला थांबली, डोकं आणि पाय पोळत होते. उशीर झाला म्हणून नवरा चिडला. तिने कारण सांगितलं तर राग सूर्यावर गेला आणि ऋषी सूर्यालाच बाण मारायला उभे राहिले. मग सूर्य ब्राह्मणाच्या वेशात येऊन गयावया करतो, आणि शेवटी उन्हापासून डोकं वाचवायला छत्री आणि पाय वाचवायला चामड्याच्या वहाणा देतो. म्हणजे जगातली पहिली छत्री आमच्या नावामुळे आली. आणि दिली कोणाच्या हातात? जमदग्नींच्या. डोकं हिचं तापलं, पाय हिचे भाजले, सामान मात्र ऋषींच्या स्वाधीन. मी ही गोष्ट सांगते तेव्हा बायका आधी हसतात, कारण प्रत्येकीच्या घरात असली एक छत्री असतेच.

पण नुसतं हसण्यापुरतं नाहीये ते. ह्या गोष्टीतला नवरा बायकोचे पाय भाजले म्हणून सूर्याशी भांडायला निघतो. त्या गोष्टीतला तोच नवरा तिचं मन किंचित हललं म्हणून तिला मारायला सांगतो. दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात आहेत. ज्या मुलीला दोन्ही माहीत असतील तिला नवरा म्हणजे काय, राग म्हणजे काय, ह्याबद्दल जेवढं कळेल तेवढं मूल्यशिक्षणाच्या दहा तासांत कळणार नाही असं मला वाटतं.

ह्यावर लोक काय म्हणतात तेही सांगते, कारण मी हे घरात बोलले आहे आणि ऐकूनही घेतलंय. एक जण म्हणाले, अगं हे सगळं रूपक आहे, घडा म्हणजे मन, पाणी म्हणजे वृत्ती, डोकं म्हणजे अहंकार, अहंकार कापला आणि ती नव्याने जन्मली. असेल. रूपक म्हणून वाईट नाही. पण मग प्रश्न पडतो की अहंकार दाखवायला दर वेळी बायकोचंच डोकं कसं सापडतं? त्या आश्रमात सगळ्यात जास्त राग आणि सगळ्यात जास्त अहंकार कोणाचा होता हे गोष्ट वाचणाऱ्या कोणालाही दिसतं, त्या डोक्याला रूपकातसुद्धा धक्का लागत नाही. तरी एक मानते, की महाभारतात त्याच क्षणी जमदग्नींचा राग गेला असं म्हटलंय. राग गेला, पण कशानंतर?

दुसरं म्हणणं, ती देवी आहे, तिची अशी चिरफाड करू नये. ह्याला माझं उत्तर माहूर. नांदेड जिल्ह्यातलं माहूर, आपल्या साडेतीन पीठांपैकी एक. तिथे गाभाऱ्यात पूर्ण मूर्ती नाहीच, नुसता मुखवटा आहे, मोठाच्या मोठा, शेंदराने माखलेला, आणि प्रसाद म्हणून कुटलेला तांबूल मिळतो. तिथली कथा अशी की सहस्रार्जुन राजाच्या माणसांनी जमदग्नींना मारल्यावर परशुराम आईवडिलांना घेऊन माहूरला आला, दत्तात्रेयांनी अंत्यविधी सांगितले, रेणुका सती गेली, आणि मग मुलाला आईची इतकी आठवण यायला लागली की आकाशवाणी झाली, आई जमिनीतून वर येईल पण मागे वळून बघू नकोस. त्याने बघितलं. तेवढ्यात जेवढी वर आली होती तेवढीच राहिली, म्हणजे चेहरा. आजही मातृतीर्थ तिथे आहे. आता बघा, ज्याने आईचं डोकं उडवलं त्यालाच शेवटी आईचं फक्त डोकं मिळालं. हे मी माझ्याकडून जोडत नाहीये, म्हणजे जोडते आहेच, पण सामान सगळं कथेतलंच आहे. आईला आठवू नये म्हणून ज्याने वर मागितला त्याला स्वतःला मात्र राहवलं नाही आणि तो मागे वळला. ज्यांनी ही कथा रचली आणि शेकडो वर्षं सांगितली त्या लोकांनी काही झाकून ठेवलेलं नाही. झाकायला आपण शिकलोय, अलीकडे, छान छान अर्थांच्या नादात. चिरफाडीची भीती शिकलेल्यांना, त्या गाभाऱ्यात शेतावरून आलेली बाई त्या चेहऱ्याकडे बघून आपलं सगळं बोलून घेते, तिला कोणी सांगावं लागत नाही की ह्या देवीला नवऱ्याचा राग माहीत आहे.

सौंदत्तीच्या यल्लम्माचंही तेच, बेळगाव जिल्ह्यात, तिलाही रेणुकाच मानतात आणि कोल्हापूर-सांगलीकडून लोक यात्रेला जातात. मार्गशीर्ष पौर्णिमेला देवी विधवा होते म्हणून जोगतिणी बांगड्या फोडतात. तिथे गोष्ट दरवर्षी अंगावर घेतली जाते, विसरणं लांबच. पण त्याच देवीच्या नावाने लहान मुली सोडल्या गेल्या, देवदासी म्हणून, आणि त्यांचं पुढे काय व्हायचं ते गावातल्या सगळ्यांना ठाऊक असायचं. कर्नाटकाने १९८२ मध्ये कायदा केला, महाराष्ट्राने २००५ मध्ये. म्हणजे हे जे म्हणतात ना की नावं काय, गोष्टी काय, एवढं काय मनावर घ्यायचं, त्यांनी हे एकदा बघावं, एका नावाखाली काय काय चालतं ते थांबवायला सरकारांना कायदे करावे लागले. तेव्हा गोष्ट कोण सांगतं आणि कुठपर्यंत सांगतं ह्याला महत्त्व आहे.

तिसरं म्हणणं मला एका मैत्रिणीने ऐकवलं, ती माझ्यापेक्षा कडक आहे. म्हणाली, मग असली नावं ठेवायचीच कशाला, ज्या बाईचा नवऱ्याने खून करवला तिचं नाव मुलीला द्यायचं आणि वर गोष्ट पण सांगायची, टाका ना ती नावं. ह्याच्याशी मी बराच वेळ भांडले, कारण अर्धं मला पटत होतं. पण बघा, अहिल्या. गोष्टीत वेश बदलून आला तो इंद्र आणि शाप तिलाही. वाल्मीकी रामायणात ती दगड होत नाही, कोणाला न दिसता, वारा खाऊन राखेत पडून राहते, दगड मागाहून आला. एवढं सगळं त्या नावामागे असताना १७२५ साली चौंडीत एका मुलीचं ते नाव ठेवलं गेलं, आणि तिने पुढे राज्य असं चालवलं, घाट आणि देवळं आणि विहिरी अशा बांधल्या की आज अहिल्या म्हटल्यावर आपल्याला आधी होळकर आठवतात, शिळा नंतर, आणि आता तर जिल्ह्याचं नावही अहिल्यानगर आहे. चांदवडच्या रेणुकेचं देऊळही त्यांनीच बांधून घेतलं, मला ते फार आवडतं, एका शापलेल्या नावाची बाई दुसऱ्या मारलेल्या नावाच्या देवीचं घर बांधते. नाव टाकून दिलं असतं तर हे झालं नसतं. नावाची गोष्ट संपलेली नसते, पुढचं पान ते नाव लावणारी लिहिते, पण त्यासाठी आधीची पानं तिच्या हातात पाहिजेत, फाडून दिलेली वही नाही.

आणि फाडण्याची आपली सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे लग्न. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं. आडनावाचं मी बोलतच नाहीये, पहिलं नाव. आजीने भांडून ठेवलेलं, कानात कुर्रर्र करून दिलेलं, वीस-पंचवीस वर्षं हाकेला ओ दिलेलं नाव पाच मिनिटांत तांदळात पुसायचं, आणि सगळ्यांनी पेढे खायचे. कुठलाही कायदा हे करायला सांगत नाही, तरी आता आता पर्यंत चाललंय आणि हौस म्हणून अजूनही चालतं. माझ्या लग्नात ताट आलं होतं. मी म्हटलं लिहायचं असेल तर रेणुकाच लिहा. त्यांनी लिहिलं. एका सासरच्या आजीबाईंनी नंतर बाजूला घेऊन विचारलं, अगं ते नाव चांगलं का, तिचं असं झालेलं ना? म्हणजे त्यांनाही पूर्ण गोष्ट माहीत होती. त्या मला पहिल्या भेटल्या ज्यांनी ती माझ्यासमोर काढली, आणि खरं सांगते मला बरं वाटलं.

आता १ मे २०२४ पासून आपल्या राज्यात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं ठरलंय. मला हा निर्णय आवडला. काही लोक म्हणाले हे नवीन फॅड, त्यांना नाशिकची पांडवलेणी दाखवायला पाहिजेत, तिथे गौतमीपुत्र आणि वासिष्ठीपुत्र दगडात कोरलेत, सातवाहन राजे, आणि गौतमी बलश्रीचा स्वतःच्या मुलाचं कौतुक करणारा लेख तिथेच आहे. परशुरामालाही रेणुकानंदन म्हणतातच, पण जामदग्न्य आणि भार्गव ही बापाच्या बाजूची नावं जास्त. प्रश्न एवढाच, की आईचं नाव म्हणजे कुठलं लिहायचं, पाळण्यातलं का तांदळातलं? माझ्या भावजयीने हा प्रश्न खरंच विचारला, जन्माचा दाखला काढताना, कारण तिचंही नाव ताटात बदललेलं आहे, आमच्याच घरात, आणि तेव्हा मी तिथे होते आणि काही बोलले नव्हते. ते मला आता जास्त टोचतं. कागदोपत्री तिचं जुनंच नाव आहे म्हणून तेच लागलं, आणि भावाला ते नाव नीट लिहिता येईना, काना का मात्रा करत बसला. आम्ही सगळे हसलो, ती नाही हसली.

बारसं येत्या रविवारी आहे. यादीत शेवटी दोनच नावं उरलीत आणि त्यातलं एक मैथिली, आणि मला वाटतं तेच होईल कारण भावजयीला ते आवडलंय. काल ती म्हणाली, ताई, हेच ठेवलं तर तुम्ही तिला ती तुमची पूर्ण गोष्ट सांगणार का? मी म्हटलं हो, नांगराच्या रेघेपासून, दोन्ही वनवास, अग्नी, आणि पुन्हा परीक्षा द्यायची वेळ आली तेव्हा ती परत न येता जमिनीत निघून गेली तिथपर्यंत. ती जरा वेळ पाळणा हलवत बसली. मग म्हणाली, जरा मोठी होऊ द्या पण. मी म्हटलं होऊ दे की, पण किती मोठी ते तू आत्ताच ठरव आणि कुठेतरी लिहून ठेव, माझ्या वेळी ते कोणी ठरवलंच नव्हतं.